गोठा धुण्याआधी शेण तोला

उद्या पहाटेचं दूध काढून झालं की पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी जरा थांबा. एका म्हशीच्या मागचं शेण फावड्यानं उचलून घमेल्यात भरा आणि घमेलं काट्यावर ठेवा. म्हैस किती खाते याचा हिशोब प्रत्येक तबेल्यात असतो आणि ती किती दूध देते याचाही असतो. पण खाल्लेल्यातलं अंगी किती लागलं आणि मागून वाया किती गेलं, हे बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेलंच नसतं. ते मोजता येतं. त्यासाठी काटा, घमेली, एक वही आणि पाच दिवस लक्ष देणारा माणूस एवढं असलं तर निम्मं काम झालं. उरलेलं काम प्रयोगशाळेचं, त्याबद्दल पुढे सांगतो.

हा लेख मी कांदिवलीत बसून लिहितो आहे आणि तो आधी इथल्या, मालाड-गोरेगाव-दहिसरच्या तबेलेवाल्यांसाठी आहे. वसई-पालघरकडच्या गोठेवाल्यांनाही तो तितकाच उपयोगी पडेल. आपल्या तबेल्यांची गोष्ट गावच्या गोठ्यापेक्षा वेगळी आहे. गावाकडे वैरण बरीचशी स्वतःच्या रानातली असते आणि शेण पुन्हा त्याच रानात जातं. म्हशीला जे पचलं नाही ते निदान जमिनीला तरी मिळतं. आपल्याकडे कडब्याच्या पेंढीपासून चुनीच्या पोत्यापर्यंत सगळं विकत येतं आणि शेणाला जायला रान नाही. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघून आपल्या वस्त्यांमधून खाडीकडे जाते. तबेल्यांचं धुतलेलं शेण नाल्यांवाटे वर्षानुवर्षं तिच्यात उतरत आलं आहे. म्हणजे न पचलेल्या प्रत्येक किलो वैरणीचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात आणि तिचा त्रास नंतर सगळ्या कांदिवलीला होतो. दुधाचा धंदा शहरात करायचा तर पचनाचा आकडा माहीत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आकुर्ली रोडला महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. तिथला ट्रॅक्टर घेणारा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो तासाला डिझेल किती लागतं हा. म्हशीच्या बाबतीत हाच प्रश्न आपण विचारत नाही, कारण तिच्या पोटात काय चाललं आहे ते दिसत नाही. पण पोटात जाणारं आणि पोटातून बाहेर येणारं दोन्ही दिसतं आणि दोन्ही तोलता येतं. जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या संशोधन केंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी १८६०च्या दशकात बैलांवर हेच केलं. खाल्लेलं तोललं, शेण तोललं, दोन्हींतली प्रथिनं, तंतू, स्निग्ध पदार्थ तपासले आणि वजाबाकी केली. आज जगभरच्या पशुआहाराच्या तक्त्यांना त्या वजाबाकीचाच आधार आहे. आपल्याकडे १८८६ सालापासून चालू असलेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही आधी तीच शिकवतात.

व्याख्या अगदी सोपी आहे. खाल्लेल्या वैरणीतून शेणात गेलेला भाग वजा केला की उरतं ते पचलेलं. पचलेल्याला खाल्लेल्यानं भागून शंभरनं गुणलं की टक्केवारी मिळते, तिला पचनीयता म्हणतात. एकच पथ्य पाळायचं: दोन्ही वजनं पाणी वगळून धरायची. हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणी असतं, शेणातही तितकंच असतं, कडब्यात मात्र दहाच टक्के. ओल्या वजनांची वजाबाकी केली तर उत्तर काहीही येईल. म्हणून सगळं मोजमाप कोरड्या भागाचं करायचं. पशुवैद्यक त्याला शुष्क पदार्थ म्हणतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तीन किंवा चार म्हशी निवडा. एकाच वेताच्या, साधारण सारख्या दुधाच्या आणि विऊन दोन महिने तरी झालेल्या असाव्यात. आजारी, माजावर आलेली किंवा नुकतीच बाहेरून आणलेली म्हैस घेऊ नका. प्रवासातून आलेल्या जनावराचं पोट बसायला वेळ लागतो. निवडलेल्या म्हशींना ज्या आहाराची परीक्षा घ्यायची तोच आहार, त्याच वेळी, त्याच मापानं दोन ते तीन आठवडे द्या. या दिवसांत काहीही तोलायचं नाही. अनेक जण हे दिवस वाया गेले असं समजून गाळतात आणि इथेच चूक होते. म्हशीच्या कोटीपोटात जे जिवाणू वैरण कुजवून पचवतात, त्यांची वस्ती आहाराप्रमाणे बदलते. कडब्यावर जगणारे जिवाणू वेगळे, भरड्यावर वाढणारे वेगळे. नवा खुराक सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी घेतलेला आकडा जुन्या वस्तीचा असतो, नव्या आहाराचा नसतो.

मग मोजणीचे पाच दिवस, जमलं तर सात. गव्हाणीत पडणारी प्रत्येक गोष्ट तोलून टाकायची: कडबा वेगळा, हिरवा चारा वेगळा, आंबोण वेगळं. आंबोणाचं वजन भिजवण्याआधी घ्या. पाण्यात मुरलेल्या चुनीचं वजन रोज वेगळं भरतं आणि तेवढ्यावरून सगळा हिशोब चुकतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गव्हाणीतली उष्टी वैरण काढून तोला. म्हैस कडब्याचं पान ओढून खाते आणि जाड बुडखे सोडते. उष्ट्याचा नमुना म्हणूनच वेगळा ठेवावा लागतो, तो दिलेल्या कडब्यासारखा नसतो. प्रत्येक पदार्थाची मूठभर वानगी रोज त्याच्या वेगळ्या पिशवीत टाकत जा. हिरवा चारा मात्र रोजच्या रोज वाळवा. आरेतला पॅरा असो की बाहेरून आलेला मका, पावसाच्या सरीनंतर कापलेल्या आणि उन्हात पडून सुकलेल्या चाऱ्यातलं पाणी सारखं नसतं.

शेण गोळा करणं हेच खरं कष्टाचं काम. प्रयोगशाळेत शक्यतो नर जनावरं घेतात, कारण त्यांचं मूत पुढे पडतं आणि शेण मागे, दोन्ही मिसळत नाहीत. तिथे खास बांधलेले कप्पे असतात, शेणासाठी पट्ट्यानं बांधलेली पिशवी असते. तबेल्यातल्या दुभत्या म्हशीला हे चालत नाही. तिथे माणूसच लागतो, दिवसा एक आणि रात्री एक. म्हैस दिवसातून दहा-बारा वेळा शेण टाकते. शेपटी वर झाली की घमेलं धरायचं किंवा पडल्या पडल्या उचलायचं, मूत मिसळू द्यायचं नाही. दोन म्हशींच्या मध्ये विटांची एक ओळ लावा म्हणजे शेजारणीचं शेण सरकून येणार नाही. पाच दिवस त्या दावणीला पाइप लावायचा नाही. गटाराच्या तोंडाशी फळी टाका आणि जागा खराट्यानं, कोरडी साफ करा. प्रत्येक म्हशीचा एक झाकणाचा पिंप ठेवा, झाकण नसलं की वाऱ्यानं शेण वाळतं आणि वजन घटतं. चोवीस तास पूर्ण झाले की पिंपातलं शेण तोला, रिकाम्या पिंपाचं वजन वजा करा, मग ते फावड्यानं नीट कालवून त्यातलं शंभर ग्रॅम वाळवायला काढा आणि अर्धा किलो प्रयोगशाळेसाठी ठेवा. कालवणं विसरू नका. वरचा थर आणि तळ सारखे नसतात.

माझ्या शेजारच्या एका तबेल्यात हे करायला सांगितलं तेव्हा रात्रपाळीच्या गड्यानं विचारलं, “साहेब, शेण तोलून विकायचंय का?” मी त्याला गव्हाणीतली चुनी दाखवली आणि म्हटलं, यातली किती इथून तिथे जाते तेवढंच बघायचंय. पाचव्या दिवशी तोच मला फोन करून सांगत होता, की तिसऱ्या नंबरच्या म्हशीचं शेण आज दोन किलोनं कमी भरलं आणि तिनं आंबोणही अर्धं टाकलं आहे. जो रोज तोलतो त्याला म्हैस आजारी पडायच्या आधी कळते.

वाळवण्यासाठी उन्हाळ्यात पत्र्यावर स्टीलच्या ताटात पातळ पसरलं तर दोन दिवस पुरतात. वजन करा, पुन्हा उन्हात ठेवा, पुन्हा करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की वाळलं असं समजा. थोडी ओल राहतेच, पण दर वेळी सारखीच पद्धत ठेवली तर आपल्या आपल्यात तुलना नीट होते. प्रयोगशाळेत शंभर ते एकशे पाच अंश तापमानाच्या भट्टीत वाळवतात. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा जुना मायक्रोवेव्ह फक्त याच कामासाठी घ्या, आत पाण्याचा पेला ठेवा आणि दोन-दोन मिनिटांनी काढून तोला, नाहीतर नमुना जळतो. घरातल्या स्वयंपाकाच्या भट्टीत शेण घालू नका. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला चालतो.

आता हिशोब. समजा म्हैस साडेपाचशे किलोची आहे. तिला रोज पंधरा किलो हिरवा चारा मिळतो, त्यातला कोरडा भाग वीस टक्के, म्हणजे ३ किलो. सहा किलो कडबा, कोरडा भाग नव्वद टक्के, म्हणजे ५.४ किलो. सात किलो आंबोणाचा खुराक, तोही नव्वद टक्के, म्हणजे ६.३ किलो. एकूण १४.७. उष्टं निघालं एक किलो, लाळेनं थोडं ओलं, कोरडा भाग सत्तर टक्के, म्हणजे ०.७ किलो. म्हशीनं खाल्लं १४ किलो. आता पाच दिवसांचं शेण भरलं ३१, २९, ३०.५, २८.५ आणि ३१ किलो. बेरीज १५०, रोजची सरासरी ३०. शंभर ग्रॅम शेण वाळून अठरा ग्रॅम राहिलं, म्हणून शेणातला कोरडा भाग रोज ५.४ किलो. चौदातून पाच पूर्णांक चार गेले, राहिले ८.६. भागिले चौदा, गुणिले शंभर: एकसष्ट टक्के.

प्रथिनांचं गणितही असंच, फक्त त्यात प्रयोगशाळेनं सांगितलेली टक्केवारी घालायची. याच म्हशीच्या खाल्लेल्यात समजा १.७४ किलो प्रथिनं होती आणि शेणाच्या कोरड्या भागात अकरा टक्के, म्हणजे ०.५९ किलो. पचली १.१५, म्हणजे सहासष्ट टक्के. प्रथिनांसाठी पाठवायचं शेण उन्हात वाळवू नका, वाळताना त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. ताजंच बर्फाच्या पेटीतून द्या.

एकसष्ट चांगले की वाईट, असा प्रश्न लगेच येतो. याचं सरळ उत्तर देता येत नाही. निव्वळ भाताच्या पेंढ्यावरच्या जनावराला पंचेचाळीस-पन्नास मिळाले तरी पुष्कळ, कारण पेंढ्यात लिग्निन आणि सिलिका भरलेली असते आणि जिवाणूंना ती भिंत फोडता येत नाही. कोवळा हिरवा चारा पासष्ट-सत्तरपर्यंत जातो, चांगला भरडा त्याच्याही वर. सगळं एकत्र खाणाऱ्या दुभत्या म्हशीचा आकडा साठीच्या आसपास असणं नवलाचं नाही. शिवाय म्हैस जितकी जास्त खाते तितकं अन्न पोटातून लवकर पुढे सरकतं आणि थोडं कमी पचतं. बारा लिटर देणारीचा आकडा भाकड म्हशीपेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका. तुलना नेहमी आपल्याच तबेल्याशी करायची, त्याच दुधाच्या म्हशींची, आहार बदलण्याआधी आणि नंतर.

आणि बदलाचं मोल किती, तेही पाहा. वरच्या म्हशीचा आकडा एकसष्टवरून सहासष्टवर आला, तर तिला रोज पाच टक्के, म्हणजे सातशे ग्रॅम जास्त पचलं. एवढं पचवायला एरवी जवळजवळ किलोभर कोरडा खुराक जास्त घालावा लागला असता. चाळीस म्हशींच्या तबेल्यात तो, त्यातली ओल धरून, रोजचा चाळीस किलोंच्या वर होतो आणि महिन्याला तेरा पोती पेंड वाचल्यासारखं होतं, पोतं शंभर किलोचं धरलं तर. दुसऱ्या बाजूला प्रत्येक म्हशीचं शेण रोज जवळजवळ चार किलोंनी घटलं. चाळीस म्हशींचं मिळून सुमारे १५५ किलो ओलं शेण रोज नाल्यात कमी पडलं. पोयसरच्या गाळावर खर्च करणाऱ्यांनी तबेल्यांना नोटिसा दिल्या तशी पशुआहाराची शिबिरंही भरवावीत, असं मला मनापासून वाटतं. शेण कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

ज्यांना पाच दिवस माणूस लावणं शक्य नाही त्यांनी निदान चाळण वापरावी. ही पचनीयतेची टक्केवारी सांगत नाही, पण दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते. एक किलो ताजं शेण जमिनीला न लागलेल्या वरच्या भागातून घ्या, रव्याच्या चाळणीत टाका आणि नळाच्या बारीक धारेखाली हातानं हलवत धुवा. आधी गडद हिरवं पाणी जातं, मग चहासारखं, मग पाणी स्वच्छ यायला लागतं. आता चाळणीत उरलेलं पिळून वर्तमानपत्रावर पसरा. मी हे पहिल्यांदा त्याच तबेल्यात केलं, तेव्हा कागदावर पिवळेजर्द ठिपके उठून दिसले. मक्याचे दाणे होते, काही अर्धे, काही तर अख्खे, आत पांढरं पीठ शाबूत. भरडा जाड दळला गेला होता आणि दात न लागलेला दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर आला होता. त्यांच्यामध्ये तुरीच्या चुनीची लालसर सालं, सरकीची काळी टरफलं आणि त्यांना चिकटलेले कापसाचे तंतू. तबेल्याच्या मालकानं एक दाणा नखानं फोडला, आतलं पीठ बोटावर घासलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं चक्कीची जाळी बदलली.

चाळणीत काय काय दिसतं ते ओळखायला शिका. दाणे अख्खे दिसले तर दोष दळणात. कडब्याचे बोटाच्या पेरापेक्षा लांब तुकडे पुष्कळ असतील तर म्हैस पुरेसा रवंथ करत नाही. याउलट कुट्टी पार भुशासारखी बारीक केली तरी रवंथ घटतो, कारण कोटीपोटाला खरखरीत लांब तंतू लागल्याशिवाय घास वर येत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी दोन्ही दोषांतून वाचवते. शेणात बुडबुडे आणि आंबूस वास असेल, किंवा शेंबडासारखी चिकट नळी सापडली, तर खुराक एका वेळी जास्त पडतो आहे, तो कोटीपोटात न पचता मागच्या आतड्यात जाऊन आंबतो आहे. असा खुराक दोनाऐवजी तीन-चार वेळांत वाटून द्या आणि आधी वैरण, मग आंबोण हा क्रम ठेवा. शेणाच्या रंगावरून आणि पातळ-घट्टपणावरून मात्र घाईनं निर्णय करू नका. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर शेण पातळ होतं, ते पाणी जास्त म्हणून. त्याचा पचन बिघडण्याशी संबंध असेलच असं नाही. घट्ट, पोवासारखं थापलेलं शेण बघून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात, आणि त्याच शेणात चाळणीनं मूठभर मका निघतो.

दुपारी म्हशी बसलेल्या असताना दहा मिनिटं उभे राहा. बसलेल्या म्हशींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. एका घासाला पन्नासच्या आसपास चावे पडत असतील तर ठीक. तीस-पस्तीसवर घास गिळला जात असेल तर तंतू कमी पडत आहेत.

प्रयोगशाळेची मदत घ्यायची तर सगळं शेण न तोलताही पचनीयता काढता येते. वैरणीत काही गोष्टी अशा असतात की त्या पचतच नाहीत, जितक्या आत जातात तितक्या बाहेर येतात. त्यातली सोयीची म्हणजे आम्लात न विरघळणारी राख, मुख्यतः सिलिका. नमुना भट्टीत जाळून राख करतात, ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात, गाळतात आणि उरलेलं पुन्हा जाळून तोलतात. १९७७ साली ही रीत व्यवस्थित तपासून प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती स्वस्त आणि भरवशाची मानली जाते. खाल्लेल्या वैरणीत ही राख दोन टक्के आणि शेणात पाच टक्के आली, तर याचा अर्थ बाकीचं पचून गेल्यामुळे ती अडीच पट दाट झाली. दोन भागिले पाच म्हणजे चाळीस टक्के शेणात गेलं, साठ टक्के पचलं. यासाठी शेण दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं, पाच दिवस घेतलं तरी पुरतं. पण इथे मुंबईच्या तबेल्यात एक धोका आहे. सिमेंटच्या फरशीवरची वाळू, विटांची धूळ शेणाला लागली की राख वाढते आणि आकडा खोटाच चांगला दिसू लागतो. म्हणून शेण पडताना वरचेवर धरा किंवा पशुवैद्यकाकडून हातमोजा घालून गुदद्वारातून काढून घ्या. फरशीवरून खरवडलेला नमुना कधीच पाठवू नका. संशोधनात याच कामासाठी क्रोमियम ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड मोजून खाऊ घालतात. दुभत्या जनावरांच्या गोठ्यात ते स्वतःहून करू नका.

वैरण जनावराला न घालताही तिची पचनीयता अजमावता येते. इंग्लंडमध्ये टिली आणि टेरी यांनी १९६३ साली काचेच्या नळीत कोटीपोटातलं द्रव घालून वैरण अठ्ठेचाळीस तास कुजवायची आणि मग आणखी अठ्ठेचाळीस तास पेप्सिनमध्ये ठेवायची रीत बसवली. पुढे १९७९ साली जर्मनीत मेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या सिरिंजमध्ये वैरण आंबवून निघणारा वायू मोजायला सुरुवात केली. नवीन पेंडीचं पोतं घेण्याआधी नमुना तपासायचा असेल तर अशा पद्धती उपयोगी आहेत. परळच्या महाविद्यालयाच्या पशुआहार विभागात किंवा आणंदला राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या काफ प्रयोगशाळेत कोणत्या तपासण्या होतात आणि नमुना कसा पाठवायचा, ते आधी विचारून घ्या. प्रथिनं आणि तंतूंचा अहवाल तरी मागाच.

एका गोष्टीनं गोंधळ होतो, म्हणून ती सांगून ठेवतो. शेणात फक्त न पचलेली वैरण नसते. आतड्याच्या झिजलेल्या पेशी, पाचक रस आणि मेलेले जिवाणू यांचाही त्यात भाग असतो. त्यामुळे आपण काढलेली प्रथिनांची पचनीयता वरकरणी असते, खरी त्याहून थोडी जास्त. निव्वळ वाळक्या, प्रथिनं नसलेल्या पेंढ्यावर ठेवलेल्या जनावरात तर खाल्ल्यापेक्षा जास्त प्रथिनं शेणात निघू शकतात आणि पचनीयता शून्याच्या खाली जाते. आकडा चुकला असं समजून वही फाडू नका. जनावर स्वतःच्या अंगातून घालवत आहे, असा त्याचा अर्थ.

कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ही रीत जशीच्या तशी चालत नाही. कोंबडीचं मूत आणि विष्ठा एकाच वाटेनं, एकत्र येतं. तिथे आतड्याच्या शेवटच्या भागातलं अन्न तपासावं लागतं किंवा खाद्यातली चयापचयी ऊर्जा मोजतात. ते काम प्रयोगशाळेवर सोपवा. शेळ्यांचं मात्र सोपं आहे, लेंड्या कोरड्या असतात, खाली बारीक जाळी बांधली की मूत निघून जातं.

आकडा कमी आला तर काय बदलायचं? सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. माझा क्रम असा: आधी दळण आणि कुट्टी, मग खुराकाच्या वेळा, मग पाणी. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात म्हैस धापा टाकते, खाणं-पिणं बिघडतं. तिच्यासमोर दिवसभर स्वच्छ पाणी हवं आणि अंगावर दोनदा पाणी पडायला हवं. हे झालं की कोरड्या वैरणीकडे वळा. पेंढा जास्त वापरत असाल तर युरियाची प्रक्रिया करून पाहा: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि एकवीस दिवसांनी उघडायचं. वापरण्याआधी वास उडेपर्यंत पसरून ठेवा, सुरुवात थोड्यानं करा आणि लहान वासरा-रेडकांना देऊ नका. युरिया तसाच आंबोणात टाकणं जीवघेणं असतं. पिशवी कुलपात ठेवा. प्रक्रिया नीट झाली तर पेंढ्याची पचनीयता पाच ते दहा टक्क्यांनी सुधारते, हे अनेक ठिकाणी मोजून दिसलेलं आहे. तुमच्या तबेल्यात किती, ते तुमचा काटाच सांगेल.

तपासायची रीत अशी ठेवा. चार म्हशींपैकी दोन जुन्या आहारावर, दोन नव्यावर. दोन आठवडे सवय, पाच दिवस मोजणी. मग अदलाबदल, पुन्हा दोन आठवडे, पुन्हा पाच दिवस. प्रत्येक म्हशीनं दोन्ही आहार खाल्लेले असले म्हणजे एखादी मुळातच चांगली पचवणारी निघाली तरी तुलना बिघडत नाही. दूध आणि फॅट रोज त्याच वहीत लिहा. पचनीयता वाढली आणि दूध वाढलं नाही, तर म्हैस अंग भरते आहे. अंदाज घेण्यासाठी छातीचा घेर दर पंधरा दिवसांनी टेपनं मोजा.

हे सगळं पाऊस सुरू होण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये उरका. जूनपासून हवेत ओल इतकी असते की पत्र्यावर काही वाळत नाही आणि घमेल्यात पागोळ्यांचं पाणी पडतं. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, म्हशीचा कानातला बिल्ला क्रमांक, रिकाम्या पिंपाचं वजन, पेंडीच्या पोत्यावरचा लॉट क्रमांक आणि चक्कीची कोणती जाळी होती ते लिहा. नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकू नका, ती भिजून पुसली जाते. बाहेरून काळ्या पक्क्या शाईनं लिहा आणि त्याच मजकुराची दुसरी पिशवी फ्रीझरमध्ये राखून ठेवा, अहवालात शंका आली तर पुन्हा पाठवायला.